हार मानण्याची विद्या

१९५१ सालच्या ऑक्टोबर महिन्याची २३ तारीख. ब्राझील देशांतील रिओ द जानेरो शहरीं, माराकाना नांवाच्या प्रचंड क्रीडांगणांत हजारों प्रेक्षक जमले होते. मधोमध उभारलेल्या रिंगणांत दोन पुरुष उतरले. एक जपानचा मासाहिको किमुरा. वय ३४, बांधा भक्कम, ज्यूदोच्या क्षेत्रांत त्या काळीं त्याच्या तोडीचा मल्ल विरळाच. दुसरा ब्राझीलचा हेलियो ग्रेसी. वय ३८, अंगानें सडपातळ, वजनानें प्रतिस्पर्ध्याहून कितीतरी हलका. दुसऱ्या फेरींत किमुरानें हेलियोला खालीं दाबलें, त्याचा एक हात मनगटाशीं धरला, कोपरांत दुमडला आणि पाठीच्या दिशेनें पिळण्यास आरंभ केला.

या विद्येचा एक साधा संकेत आहे. वेदना सोसवेनाशी झाली म्हणजे पकडींत सांपडलेल्यानें मोकळ्या हातानें जमिनीवर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर थाप मारावी. थाप पडतांच पकड सुटते. हेलियोनें थाप मारली नाहीं. हाड मोडल्याचा आवाज आपल्या कानीं आला, असें किमुरानें पुढें आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. तरीहि थाप पडली नाहीं. अखेर हेलियोचा वडील भाऊ व गुरु कार्लोस यानें बाहेरून टॉवेल फेंकला आणि सामना संपला.

त्या दिवसापासून हेलियोच्या न पडलेल्या थापेची कथा ब्राझीलच्या जिउ-जित्सूची कुलकथा होऊन बसली. आखाड्याआखाड्यांतून ती नवशिक्यांना सांगितली गेली. ऐकणाऱ्याचें रक्त सळसळावें अशीच ती आहे. परंतु जी विद्या शिकतांना सांधा रोज मोडण्याच्या सीमेपर्यंत नेला जातो, तिच्या विद्यार्थ्यानें या कथेपासून नेमकें काय शिकावें, हा प्रश्न सोपा नाहीं. त्याचें उत्तर शोधण्यासाठीं सत्तर-पंच्याहत्तर वर्षें मागें, जपानांतील हाडवैद्यांच्या दारापर्यंत जावें लागतें.

जपानांत १८६८ सालीं राज्यक्रांति झाली आणि सामुराई वर्गाचें वैभव ओसरूं लागलें. १८७६ सालीं तरवार बाळगण्यास बंदी झाली. जुन्या युद्धविद्या निरुपयोगी ठरूं लागल्या, त्यांत जुजुत्सूहि होतें. या विद्येचे पुष्कळ गुरु हाडें बसविण्याच्या धंद्यावर पोट भरीत. हा योगायोग नव्हता. जो हात सांधा निखळवूं शकतो, त्यालाच तो बसविण्याचीहि माहिती असते. आणि ज्या तालमींत रोज कोणाचा तरी खांदा उतरे, तेथें ही माहिती नसलेला गुरु चालणेंच शक्य नव्हतें. गळा आवळल्यामुळें बेशुद्ध पडलेल्या शिष्यास शुद्धीवर आणण्याची 'कात्सु' नांवाची क्रियाहि याच शिक्षणाचा भाग असे. अशा रीतीनें इजा आणि उपचार या दोन्ही गोष्टी एकाच घरांत नांदत होत्या.

१८७७ सालीं तोकियो विद्यापीठांत शिकणारा जिगोरो कानो नांवाचा एक किरकोळ शरीराचा तरुण जुजुत्सूचा गुरु शोधीत होता. शाळेंत असतांना धष्टपुष्ट मुलांनीं त्याला पुष्कळ छळलें होतें. हाडवैद्यांना ही विद्या येते असें ऐकून तो त्यांच्या पाट्या शोधीत शहरभर हिंडला. अखेर यागी नांवाच्या एका हाडवैद्यानें त्याला फुकुदा हाचिनोसुके या गुरूकडे धाडलें. फुकुदांची शिकविण्याची पद्धति जुन्या वळणाची होती. शिष्यानें एखाद्या पेंचांत हात कसा ठेवावा, पाय कोठें टाकावा असें विचारलें, तर गुरु उत्तरादाखल त्यालाच उचलून आपटीत. पुन्हां विचारलें, तर पुन्हां आपटीत. कानोंचें अंग सदैव खरचटलेलें व सुजलेलें असे. 'मान्किनको' नांवाच्या लेपाच्या पट्ट्या अंगभर लावून ते हिंडत.

पुढें १८८२ सालीं तोकियोमधील एइशोजी या बौद्ध मंदिरांत, बारा चटयांच्या जागेंत, कानोंनीं आपली स्वतंत्र शाळा उघडली. तिचें नांव कोदोकान, आणि तींत शिकविल्या जाणाऱ्या विद्येचें नांव ज्यूदो. कानोंच्या कार्याचें वर्णन करतांना त्यांनीं कोणते नवे पेंच काढले, हें नेहमीं सांगितलें जातें. परंतु त्यांची खरी थोरवी निराळ्याच ठिकाणीं शोधली पाहिजे. दोन माणसें पूर्ण जोरानें एकमेकांशीं झुंजतील, आणि दुसऱ्या दिवशीं तींच दोन माणसें पुन्हां झुंजूं शकतील, अशी व्यवस्था त्यांनीं लावली. जे पेंच धोक्यावांचून पूर्ण जोरानें करतां येत नाहींत, ते मोकळ्या झुंजींतून काढून त्यांनीं ठराविक पाठांत, म्हणजे 'काता'मध्यें ठेविले. जे करतां येतात, ते 'रान्दोरी' या मोकळ्या सरावासाठीं राखले. शिष्यानें पाडण्याच्या अगोदर पडावयास शिकावें, हा त्यांचा दंडक होता. हनुवटी छातीशीं घेऊन, डोकें सांभाळून, पसरलेल्या हातानें चटईवर थाप मारीत पडण्याच्या या क्रियेला 'उकेमी' म्हणतात.

सामन्यांचे नियमहि याच दिशेनें कडक होत गेले. १८९९ सालीं बुतोकुकाई या संस्थेसाठीं जुजुत्सूच्या सामन्यांची नियमावली तयार झाली. त्या समितीचे प्रमुख कानोच होते. हाताच्या व पायाच्या बोटांवरील, मनगटावरील व घोट्यावरील पकडी प्रथम वगळल्या गेल्या. गुडघा पिळण्याची पकड १९१६ सालीं गेली. १९२५ सालापर्यंत कोपराखेरीज दुसऱ्या कोणत्याहि सांध्यावरील पकड सामन्यांत निषिद्ध ठरली. १९२२ सालीं कानोंनीं आपल्या शिकवणीचीं दोन सूत्रें जाहीर केलीं: शक्तीचा सर्वांत चांगला उपयोग, आणि स्वतःचें व दुसऱ्याचें परस्पर कल्याण. दुसरें सूत्र ऐकतांना उपदेशासारखें वाटतें, परंतु तालमींत त्याचा अर्थ अगदीं व्यवहाराचा आहे. ज्याच्यावर सराव करावयाचा, तोच मोडला तर सराव कोणावर करणार? जुन्या हाडवैद्यांनाहि या काळांत मान्यता मिळाली. १९२० सालीं जपानी सरकारनें ज्यूदोच्या परंपरेंतून आलेल्या अस्थिसंधान-विद्येला परवान्याचा दर्जा दिला, आणि ती परंपरा आजहि तेथें चालू आहे.

हीच विद्या समुद्र ओलांडून गेली, तेव्हां तिचें वातावरण पालटलें. कोदोकानचा शिष्य मित्सुयो माएदा १९०४ सालीं अमेरिकेस गेला. युरोप, क्यूबा, मेक्सिको असा प्रवास करीत, नाटकगृहांत व सर्कशींत पैशांसाठीं कुस्त्या लढत, १९१४ सालीं तो ब्राझीलला पोंचला आणि पुढें अमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम शहरीं स्थायिक झाला. तेथें कार्लोस ग्रेसी या तरुणास त्याच्या परंपरेंतून ही विद्या मिळाली. कार्लोसनें ती रिओ येथें नेली व आपल्या भावांना शिकविली. सर्वांत धाकटा भाऊ हेलियो हा लहानपणीं अशक्त होता. वैद्यांनीं त्याला श्रम करण्यास मनाई केल्यामुळें तो नुसता बसून पाहात असे, आणि पाहूनच शिकला, असें त्या कुळांत सांगतात. अंगांत बळ नसल्यामुळें त्यानें बळावांचून चालणाऱ्या युक्त्यांवर भर दिला. पाठीवर पडून, पायांनीं प्रतिस्पर्ध्यास अडवून धरीत, त्याची चूक होण्याची वाट पाहाणें, ही ब्राझीलच्या जिउ-जित्सूची ओळख झाली.

उताणें पडणें म्हणजे हार, ही कुस्तीच्या मातींत वाढलेल्या मराठी माणसाची समजूत असते. ब्राझीलच्या जिउ-जित्सूंत पाठ टेंकली तरी कांहींच संपत नाहीं. एका अर्थीं तेथूनच झुंज सुरू होते. मग ती संपते कशानें? सांध्यावरच्या पकडीनें, किंवा गळा आवळल्यानें. आणि या दोहोंचा निकाल लागतो तो थापेनें. म्हणजे कुस्तींत पंच ज्याचा निवाडा करतो, त्याचा निवाडा येथें हरणाऱ्यानें स्वतः करावयाचा असतो. हा फरक लहान नाहीं. हार केव्हां मानावी, हें ठरविण्याची जबाबदारी वेदनेंत सांपडलेल्या माणसावर टाकणारा हा खेळ आहे.

ग्रेसी बंधूंनीं आपल्या विद्येची कीर्ति आव्हानाच्या सामन्यांवर उभारली. वर्तमानपत्रांतून आव्हानें दिलीं जात, हजारों लोक पाहावयास येत. अशा झुंजींत थाप मारणें म्हणजे केवळ एक डाव हरणें नव्हे, तर घराण्याचें नांव खालीं आणणें, अशी भावना वाढीस लागली. १९५१ चा माराकानाचा प्रसंग या भावनेचा कळस होय. ज्या पकडीनें हेलियोचा हात मोडला, तिला पुढें ब्राझीलमध्यें किमुराचेंच नांव पडलें. पराभव करणाऱ्याचा असा गौरव करणें हें त्या लोकांच्या मोठ्या मनाचें लक्षण आहे. १९५५ सालच्या मे महिन्यांत हेलियो आपलाच जुना शिष्य वाल्देमार सान्ताना याच्याशीं साडेतीन तासांहून अधिक वेळ झुंजला. अखेर डोक्यावर लाथ बसून तो पडला, तेव्हांच ती झुंज थांबली.

त्याच सुमारास रिओच्या गरीब उपनगरांत ओस्वाल्दो फाद्दा नांवाचा दुसरा एक गुरु हीच विद्या ज्यांना पैसे देणें परवडत नसे अशांना शिकवीत होता. त्याच्या परंपरेचें मूळहि माएदापर्यंत पोंचतें. फाद्दाचे शिष्य पायाच्या घोट्यावरील पकडींत वाकबगार होते, आणि १९५० नंतरच्या दशकांत त्यांनीं याच पकडींच्या जोरावर ग्रेसींच्या शिष्यांना हरविलें. प्रतिष्ठित आखाड्यांतून मात्र पायाची पकड ही हलक्या लोकांची युक्ति म्हणून हिणविली गेली. या तिरस्काराचा परिणाम असा झाला कीं, ती पकड कशी सोडवावी आणि केव्हां थाप मारावी, हेंहि पुष्कळांना शिकविलें गेलें नाहीं. अज्ञान हें संरक्षण होऊं शकत नाहीं. कित्येक वर्षांनीं टांच पिळण्याच्या पकडीचा प्रसार झाला, तेव्हां या गोष्टीचा प्रत्यय आला. कोपराच्या पकडींत वेदना आधीं येते व इजा मागून. टांच पिळतांना मात्र जोर गुडघ्यावर पडतो, आणि वेदना जाणवेपर्यंत आंतील बंध तुटलेलाहि असूं शकतो. १९९४ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ब्राझिलियन जिउ-जित्सु महासंघानें ही पकड दीर्घकाळ सर्वांनाच वर्ज्य ठरविली होती. २०२१ सालीं ती, जिउ-जित्सूच्या जाड अंगरख्यावांचून होणाऱ्या सामन्यांत, प्रौढ गटांतील तपकिरी व काळ्या पट्ट्याच्या मल्लांपुरती मोकळी झाली. म्हणजे सवाशें वर्षांपूर्वीं कानोंच्या समितीपुढें होता तोच प्रश्न पुन्हां समोर आला, आणि उत्तरहि जवळजवळ त्याच जातीचें मिळालें: ज्याची जाण, त्यालाच परवानगी.

माराकानाच्या प्रसंगाची पुनरावृत्ति २००४ सालच्या जागतिक स्पर्धेंत झाली. खुल्या गटाच्या अंतिम सामन्यांत रॉजर ग्रेसीनें रोनाल्दो सूझा, ज्याला लोक 'जाकारे' म्हणजे मगर म्हणतात, त्याचा हात कोपरांत उलटा ताणून निकामी केला. सूझानें थाप मारली नाहीं. दुखावलेला हात कमरपट्ट्यांत खोंवून त्यानें उरलेला वेळ काढला आणि गुणांवर सामना जिंकला. विजय खरा होता, आणि धैर्यहि खरें होतें. परंतु जगांतील सर्वांत मोठा सन्मान पणाला लागला असतां एका अव्वल मल्लानें दिलेली ती किंमत होती. एखाद्या मंगळवारीं संध्याकाळीं, कचेरीचें काम आटोपून तालमींत आलेल्या कारकुनानें तीच किंमत द्यावी, असें त्यांतून निघत नाहीं.

आणि इजा होतात त्या बहुतांशीं अशाच संध्याकाळीं. २००५ ते २०११ या काळांत हवाई बेटांवर झालेल्या आठ स्पर्धांचा अभ्यास वैद्यांनीं प्रसिद्ध केला आहे. मल्ल सामन्यांत उतरल्याचे ५०२२ प्रसंग मोजले गेले, आणि त्यांत ४६ इजा आढळल्या. म्हणजे हजारीं नऊंहून किंचित् अधिक. सर्वांत अधिक मार कोपराला होता. कुस्ती व ज्यूदो यांच्याशीं तुलना करतां हें प्रमाण कमीच म्हणावें लागेल. परंतु पुढील पाहण्यांतून असें दिसून आलें कीं, एकंदर इजांपैकीं फार मोठा भाग स्पर्धेंत नव्हे, तर रोजच्या सरावांत होतो. कारण उघड आहे. स्पर्धा वर्षांतून दोन-चार वेळां, सराव आठवड्यांतून तीन-चार वेळां.

या रोजच्या इजा नाट्यमय नसतात. जाड अंगरख्याची कॉलर घट्ट धरून ठेवण्यानें बोटांचे सांधे सुजतात व कालांतरानें जाड होतात. छातीवर प्रतिस्पर्ध्याचा गुडघा टेंकल्यानें बरगड्यांची कुर्चा दुखावते, आणि मग कित्येक आठवडे शिंकणेंहि कठीण होतें. वारंवार घासल्यानें कानाच्या कुर्चेवर रक्त सांचतें; तें वेळींच काढलें नाहीं तर कुर्चेचें पोषण थांबून कान कायमचा गड्ड्यासारखा होतो. पैलवानांचे असे कान आपल्याकडील तालमींतहि दिसतात. चटई स्वच्छ नसेल तर नायट्यासारखे त्वचेचे विकार एकाकडून दुसऱ्याकडे जातात. यांपैकीं कोणतीहि गोष्ट एकटी गंभीर नाहीं. परंतु एक बरी होण्यापूर्वीं दुसरी येते, आणि दोन वर्षांनीं उमेदीचा विद्यार्थी गुपचुप तालीम सोडून जातो. कोणत्याहि स्पर्धेच्या इतिहासांत त्याची नोंद नसते.

ही नोंद न ठेवल्यानें काय होतें, याचें दारुण उदाहरण कानोंच्याच देशांत घडलें. १९८३ नंतरच्या तीन दशकांत जपानी शाळांतून ज्यूदोच्या सरावांत शंभरांहून अधिक मुलें मृत्यु पावलीं. पुष्कळांच्या बाबतींत कारण डोक्याचा मार हेंच होतें, आणि मरणारे बहुधा पडण्याची क्रिया नीट न आलेले नवशिके होते. उकेमीची विद्या जेथें जन्मली, तेथेंच तिच्याविषयीं हेळसांड झाली. रियो उचिदा या समाजशास्त्रज्ञानें हे विखुरलेले आंकडे एकत्र करून लोकांपुढें मांडले, आणि २०१० सालीं पीडित कुटुंबांनीं आपली संघटना उभारली. २०१२ पासून माध्यमिक शाळांत युद्धकला सक्तीच्या होणार होत्या, त्यामुळें चर्चेला धार आली. नवशिक्यांना कोणते पेंच केव्हां शिकवावे, याचे नियम कडक झाले आणि मृत्यूंची संख्या घटली. इजा ही विद्येची अटळ दक्षिणा आहे असें जेथें मानलें जाई, तेथें ती शिकविण्यांतील चूक होती, असें सिद्ध झालें.

उपचारांच्या कल्पनाहि या काळांत स्थिर राहिल्या नाहींत. १९७८ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर गेब मर्किन यांनीं विश्रांति, बर्फ, दाब व अवयव उंच ठेवणें अशी चतुःसूत्री सांगितली. ती जगभर पाठ झाली. त्याच मर्किन यांनीं पुढें, २०१४ च्या सुमारास, बर्फ आणि संपूर्ण विश्रांति यांमुळें बरें होण्यास उलट विलंब लागूं शकतो, असें प्रांजळपणें मान्य केलें. इजा झालेल्या भागाला, वेदनेच्या मर्यादेंत राहून, लौकरच थोडथोडें काम द्यावें व तें हळूहळू वाढवावें, याकडे आतां वैद्यांचा कल आहे. तालमीच्या भाषेंत याचा अर्थ असा कीं, दुखापत झाल्यावर दोन टोकें टाळावयाचीं असतात: दुसऱ्याच दिवशीं जिद्दीनें झुंजावयास उतरणें हें एक, आणि महिनोनमहिने अंथरूण धरणें हें दुसरें. मधला मार्ग कंटाळवाणा आहे. खांदा दुखावला असेल तर पायांचा सराव करावा, जोडीदार निवडून घ्यावा, त्याला आधींच सांगावें, आणि पकड लागण्यापूर्वींच थाप मारण्यांत कमीपणा मानूं नये.

या शेवटच्या गोष्टीलाच सर्वांत अधिक धैर्य लागतें, कारण तिच्या विरुद्ध माराकानाची कथा उभी असते. परंतु ती कथा बहुधा अर्धीच सांगितली जाते. हेलियोनें थाप मारली नाहीं, एवढेंच ऐकणाऱ्याच्या ध्यानांत राहातें. कार्लोसनें टॉवेल फेंकला, हें मागें पडतें. वस्तुतः त्या सायंकाळीं विद्येचें रक्षण झालें तें त्या टॉवेलानें. भावाचा अभिमान कोठें थांबणार नाहीं हें कार्लोसला ठाऊक होतें, म्हणून भावाच्या वतीनें हार मानण्याचें काम त्यानें केलें. तो हात पुढें बरा झाला. त्याच हातानें हेलियो सान्तानाशीं झुंजला, त्याच हातानें त्यानें आपल्या मुलांना व असंख्य शिष्यांना शिकविलें, आणि २००९ सालीं, वयाच्या ९५ व्या वर्षीं, तो निवर्तला.

बाहेर टॉवेल घेऊन उभा असलेला भाऊ प्रत्येकाला नसतो. नवशिक्याच्या जोडीला असतो तो फक्त त्याचा त्या दिवसाचा जोडीदार, आणि स्वतःचा मोकळा हात. जोडीदारानें पकड सावकाश आवळावी आणि मोकळ्या हातानें वेळींच थाप मारावी, एवढ्या दोन गोष्टींवर ही सारी विद्या उभी आहे. कानोंनीं जपानांत जी व्यवस्था लावली, तिचें सार एवढेंच होतें: आज हरलेला मनुष्य उद्यां पुन्हां तालमींत आला पाहिजे.